दोनशे किलो

लेबलवर लिहितो : दोनशे किलो.
लिहिण्याआधी अंगणातल्या निंबाला झोळी बांधून
ज्वारीची दोन पोती तीत घालतो, वर मी बसतो.
दुर्वा टाळ्या वाजवते, बाबा पडणार, बाबा पडणार.
अजून पडलो नाही.

कापड सुरतेहून येतं.
धरणगाव स्टेशनावर पार्सल सोडवेपर्यंत
इकडे चोपड्यात शाळा सुटलेली असते
आणि पोर वाण्याच्या ओट्यावर, दप्तर मांडीवर घेऊन.
एकदा सव्वा तास.
वाण्याने तिला शेंगदाणे दिले, मला काही बोलला नाही.
बोलला असता तर बरं झालं असतं.

गावात कोणाला समजावू, काय शिवतो ते?
घर असून रानात झाडाला टांगून झोपणाऱ्यांसाठी
हलक्या, मुठीत मावणाऱ्या झोळ्या.
आप्पांची हयात लग्नाच्या कोटांना काजं करण्यात गेली,
ते नायलॉन चिमटीत धरून विचारतात,
"हाई काय शे?"
मग स्वतःच, "माणूस झोयीमा दोनदाच जास."
दुसऱ्यांदा कधी, ते सांगत नाहीत.
पाणी मागतात.

दुपारी लाइट जाते.
मोटार सोडतो, पट्टा चढवून पायावर येतो.
जिथे दोराची ओढ बसते तिथे
चौकट, चौकटीत फुली, पुन्हा चौकट.
घरात ती जागा नेमकी कुठली,
मला अजून सापडलेली नाही.
दुर्वाच्या गणवेशाचं बटण मार्चभर राहिलं,
शिंप्याची पोर सेफ्टी पिन लावून परीक्षेला गेली.
सुट्टीत लावलं.
आता तो गणवेश तिला होत नाही.

योगिता वरच्या केंद्रावर नर्स.
तिच्या रात्रपाळीला मीही इथे जागाच असतो,
मधे डोंगर, रेंज नाही.
आमचा संसार बसच्या वेळेला, दारात, चप्पल घालता घालता :
भरीत झाकलंय. आप्पांची गोळी दिली.
तोरणमाळच्या कॅम्पचे बारा नग बाकी.
बारा?
बारा.
आणि बस येते.

एका सकाळी आली ती चहाला बसलीच नाही.
निंबाखाली जाऊन झोळीची शिवण ओढून पाहिली,
दोन्ही हातांनी, भांडण असल्यासारखी.
"रात्री पाड्यावरनं एक बाई आणली.
गोधडी, बांबू, चार माणसं, साडेतीन तास.
शेवटच्या उतारावर गोधडी फाटली."
पुढे काय, मी विचारलं नाही.
"मुलगा. दोन किलो शंभर.
तिचे कोपर सोलले."
मग नळावर हात धूत,
"दोर नको. टोकांना नेफा कर, बांबू जाईल एवढा.
पाठीखाली रुंद पट्टा. रंग मळखाऊ."
"किती?"
"दोन. आधी."
"पैसे कोण..."
"चहा टाक."

कॅम्पवाल्याला कळवलं, रविवारपर्यंत दहाच होतील.
त्याने नुसता अंगठा पाठवला.
तो चिडून की राजीखुशी, अंगठ्यावरून कळत नाही.

नेफा शिवून झाला तर आप्पांनी त्यावर नख फिरवलं,
म्हणाले, "टाका मोठा शे."
अख्खी शिवण उसवली.
दुसऱ्यांदा नख फिरवून काही बोलले नाहीत.
त्यांचं कौतुक असंच असतं.

बांबू ओवला, दोन टोकं दोन झाडांच्या बेचक्यांत.
पोती आणली तर एक अर्धंच भरलेलं.
"तेवढं आपण खाल्लं," योगिता म्हणाली
आणि कमी पडलेल्या वजनाला
चपला काढून स्वतःच आत शिरली,
ज्वारीला टेकून.
बांबू वाकला, करकरला, थांबला.

लेबल कोरं आहे.
दुर्वा विचारते, हिच्यावर किती लिहायचं?
मी ओठांवर बोट ठेवतो.
आई झोपलीय.

दहा नग बाकी. लाइटही आलीय.
पण मशीन लावलं तर जाग येईल,
म्हणून ओट्यावर बसून
हातशिलाईची कामं काढली आहेत,
आणि दुर्वा सुई ओवून देते आहे,
एक डोळा मिटून.